म्युझिक सिस्टिममधलं हमिंग शोधायचं कसं: सुरुवात स्पीकरच्या टोकाकडून

गाणं संपतं आणि स्पीकरमधून घूंऽऽ ऐकू येतं. पुढचं गाणं लागलं की ते झाकलं जातं, म्हणून काही दिवस आपण काणाडोळा करतो. मग एखाद्या रात्री, सगळीकडे सामसूम असताना, संथ आलापातल्या विरामात ते नेमकं कानात शिरतं आणि तिथून पुढे दुसरं काही ऐकूच येत नाही.

अशा वेळी बहुतेक जण आधी महागडी वायर आणतात. फरक पडत नाही, म्हणून आणखी महाग वायर आणतात. शेवटी कुणीतरी सांगतं आणि प्लगची अर्थिंगची पिन काढली जाते. आवाज खरंच जातो, पण घरात जीवघेणा धोका येऊन बसतो. हे इतक्या वेळा पाहिलं आहे, की सगळा क्रम एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं.

हमिंग शोधण्याचे दोनच नियम आहेत. स्पीकरच्या टोकापासून सुरुवात करून मागे मागे जायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलून आवाज गेला, तर तो कशाने गेला ते कळत नाही. महिन्याभरात परत आला, की पहिले पाढे पंचावन्न. कारण सापडेपर्यंत काहीही विकत आणू नका.

## तयारी

जवळ ठेवा: टॉर्च, वही-पेन, वायरींवर चिकटवायला कागदी टेपचे तुकडे, शक्य असल्यास मल्टिमीटर, आणि दोन शॉर्टिंग प्लग. शॉर्टिंग प्लग म्हणजे वायर नसलेला आरसीए प्लग (म्युझिक सिस्टिमच्या मागे लागतो तो नेहमीचा गोल ऑडिओ प्लग). त्याची मधली पिन आणि बाहेरची कडी आतून डाग देऊन एकमेकांना जोडलेली असते. तो इनपुटला लावला, की त्या इनपुटवर निखळ शांतता असायला हवी. पुढच्या अर्ध्या चाचण्या त्याच्यावरच चालतात.

काहीही सोडवण्याआधी मागच्या बाजूचे फोटो काढा, प्रत्येक वायरला टेप लावून नाव लिहा आणि कागदावर साधा नकाशा काढा: कोणतं यंत्र कोणत्या सॉकेटवर आहे, कोणाला तीन पिनांचा प्लग आहे, कोणाला दोन पिनांचा, कोणती वायर कुठून कुठे जाते. डिशची किंवा केबल टीव्हीची वायर, नेटवर्कची वायर, एचडीएमआय, यूएसबी, सबवूफरची वायर हे सगळं नकाशात हवं. लोक फक्त ऑडिओच्या वायरी मोजतात. चोर बऱ्याचदा बाकीच्या वायरींत असतो.

सावधान: कोणतीही वायर काढताना किंवा लावताना ॲम्प्लिफायर बंदच हवा. आरसीए प्लगची मधली पिन बाहेरच्या कडीच्या आधी टेकते. यंत्र चालू असेल तर त्या क्षणी जो दणका बसतो, त्यात ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) जळू शकतो.

सावधान: व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि कोणत्याही ॲम्प्लिफायरचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो. या लेखातलं सगळं काम झाकण न उघडता होतं.

## टप्पा १: आवाज नीट ऐका

गाणं बंद करा, व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवा आणि स्पीकरजवळ कान न्या.

घूंऽऽ असा खोल, गुळगुळीत आवाज असेल, तर तो घरच्या विजेच्या वारंवारतेचा आहे: देशानुसार ५० किंवा ६० हर्ट्झ. याची नेहमीची कारणं म्हणजे ग्राउंड लूप (अर्थिंग आणि वायरी मिळून तयार होणारं वेटोळं, टप्पा ५ मध्ये सविस्तर), तुटलेलं शील्ड (वायरीतलं बाहेरचं धातूचं आवरण), किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर. थोडा वरचा आणि खरबरीत आवाज असेल, तर १०० किंवा १२० हर्ट्झचा संशय घ्या. ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमध्ये एसीचं डीसी होताना वारंवारता दुप्पट होते. तिथले फिल्टर कपॅसिटर थकले, की हा आवाज स्पीकरपर्यंत पोचतो. माशी अडकल्यासारखी कर्कश भुणभुण असेल, तर दिव्यांचे डिमर आणि स्वस्त चार्जर आधी तपासा. नुसता सूंऽऽ असा श्वासासारखा आवाज मात्र हमिंग नाही. तो थोडाफार प्रत्येक ॲम्प्लिफायरला असतोच, त्यामागे लागू नका.

कानावर एकदम विश्वास टाकू नका. छोट्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ जेमतेमच बाहेर पडतो, त्यामुळे आपल्याला त्याच्या वरच्या पटी जास्त ऐकू येतात. ग्राउंड लूपमध्येही या पटी मिसळलेल्या असतात. फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपने बघणार असाल, तर फोन वूफरच्या अगदी जवळ धरा. अनेक फोनांचे माइक खालच्या स्वरांना मंद असतात. हा टप्पा फक्त संशय घेण्यापुरता आहे, निकाल पुढच्या टप्प्यांत लागेल.

तपासणी: खोलीतले डिमर, चार्जर, एलईडी दिवे आणि पंख्याचा रेग्युलेटर एकेक करून बंद करा. एखाद्यानं आवाज गेला, तर शोध इथेच संपला.

## टप्पा २: आवाज स्पीकरमधून येतो, की पेटीतून?

हा प्रश्न बाळबोध वाटतो, म्हणून लोक तो ओलांडून जातात. ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या वायरी काढा (व्हॉल्व्हचा असेल तर काढू नका, फक्त कान पेटीजवळ न्या) आणि पुन्हा चालू करा. घूंऽ तरीही ऐकू येत असेल, तर ट्रान्सफॉर्मर स्वतः थरथरतोय. त्याचा ऑडिओच्या वायरींशी काही संबंध नाही. यंत्र लाकडी फळीवर असेल, तर फळी तो आवाज मोठा करते. खाली रबरी पाय लावून बघा. ही थरथर दिवसाच्या ठराविक वेळीच येत असेल, तर त्या वेळी घरात काय चालू असतं ते पाहा. काही हेअर ड्रायर अर्ध्या तापमानावर एसीची एकच बाजू खेचतात. त्यामुळे लाइनवर थोडा डीसी चढतो आणि टोरॉइडल (कड्यासारखा गोल) ट्रान्सफॉर्मर गुरगुरायला लागतो.

पेटी शांत असेल, तर वायरी परत लावा आणि पुढे जा.

## टप्पा ३: व्हॉल्यूमची चाचणी

व्हॉल्यूम शून्यावर न्या, मग हळूहळू वाढवा.

आवाज व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल, तर तो व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधी शिरतोय, म्हणजे स्रोतात (गाणं वाजवणाऱ्या यंत्रात), त्याच्या वायरीत किंवा फोनो स्टेजमध्ये (टर्नटेबलचा, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा, नाजूक सिग्नल वाढवणारा भाग). व्हॉल्यूम शून्यावर असूनही तेवढाच असेल, तर तो बटणाच्या नंतरचा: पॉवर स्टेज, पॉवर सप्लाय, किंवा (ॲम्प्लिफायर दोन पेट्यांत असेल तर) प्रीॲम्पपासून पॉवर ॲम्पपर्यंतची वायर. सबवूफरमधून येणारं हमिंगही बहुतेक या दुसऱ्या गटात मोडतं.

आता इनपुट निवडायचं बटण फिरवा. एकाच इनपुटवर आवाज असेल, तर टप्पा ५ मध्ये सुरुवात त्या यंत्रापासून करा.

## टप्पा ४: ॲम्प्लिफायर एकटा

इथे घाई केली, की पुढचं सगळं चुकतं.

विजेची वायर आणि स्पीकर सोडून ॲम्प्लिफायरच्या मागचं सगळं काढा: अँटेना, एचडीएमआय, नेटवर्क, यूएसबी, सबवूफर, सगळं. यंत्र नुसतं बंद ठेवणं पुरेसं नाही. बंद टीव्हीसुद्धा वायरीतून अर्थिंगशी जोडलेला असतो आणि ग्राउंड लूपला तेवढं पुरतं.

एका लाइन इनपुटला दोन्ही शॉर्टिंग प्लग लावा, तेच इनपुट निवडा आणि ॲम्प्लिफायर चालू करा.

शांत असेल तर ॲम्प्लिफायर निर्दोष आहे. हमिंग तरीही असेल, तर आधी ॲम्प्लिफायर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर लावून बघा. तिथेही तसंच असेल तर दोष आत आहे आणि काम मेकॅनिकचं आहे.

नेहमीची चूक: इनपुट उघडं ठेवून ही चाचणी करणं. काहीही न लावलेलं इनपुट अँटेनासारखं आजूबाजूचं सगळं ओढून घेतं, आणि उघडं फोनो इनपुट तर व्हॉल्यूम वाढवल्यावर हमखास घूं करतं. तो दोष नाही. त्यासाठीच शॉर्टिंग प्लग लागतात.

सावधान: शॉर्टिंग प्लग फक्त इनपुटला लावायचा. आउटपुटला किंवा स्पीकरच्या टर्मिनलला कधीही नाही.

## टप्पा ५: एकेक यंत्र, तीन पायऱ्यांत

आता यंत्रं परत जोडायची. एका वेळी एकच, आणि प्रत्येक यंत्र तीन पायऱ्यांत. पायऱ्यांचा क्रम बदलू नका, कारण निदान या क्रमातूनच होतं.

पहिली पायरी. यंत्राचा विजेचा प्लग भिंतीतून काढलेला. ऑडिओची वायर दोन्ही टोकांना जोडा आणि ऐका. इथेच हमिंग आलं, तर वायरीचं शील्ड तुटलंय, सॉकेट सैल आहे, किंवा वायर एखाद्या ट्रान्सफॉर्मरच्या अंगावरून जातेय.

दुसरी पायरी. यंत्राचा प्लग भिंतीत लावा, पण यंत्र चालू करू नका. ऐका, मग चालू करून पुन्हा ऐका. इथे हमिंग आलं तर विजेच्या बाजूनं रस्ता जुळला. तीन पिनांचा प्लग असेल तर ग्राउंड लूप. दोन पिनांचा अडॅप्टर असेल तर त्याच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून झिरपणारा करंट.

तिसरी पायरी. त्या यंत्राच्या बाकीच्या वायरी एकेक करून लावा: अँटेना, एचडीएमआय, नेटवर्क. ज्या वायरीला हमिंग आलं, ती गुन्हेगार.

माझ्याकडे सबवूफर घूं करत होता. मी थेट सबवूफरलाच दोषी धरलं आणि दुरुस्तीला दिला. कपॅसिटर बदलून आला, पैसे गेले, हमिंग जसंच्या तसं. नंतर याच तीन पायऱ्यांनी एकेक यंत्र जोडत गेलो. सेट-टॉप बॉक्स ऑडिओच्या वायरीवर शांत, प्लग लावल्यावर शांत. अँटेनाच्या वायरीची कडी बॉक्सच्या आट्यांना टेकली आणि घूंऽऽ. कडी उलटी फिरवत गेलो तशी घूं चालूच राहिली, आणि शेवटचा आटा सुटला त्या क्षणी एकदम गप्प. तीनदा लावून-काढून पाहिलं, तिन्ही वेळा तसंच. टीव्ही सगळा वेळ बंद होता.

घडतं काय? समजा, दोन यंत्रं दोन वेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडलेली आहेत. दोन अर्थिंगांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. दोघांमध्ये ऑडिओची वायर लागली, की तिच्या शील्डमधून त्या फरकाचा करंट वाहतो. आरसीए वायरीत सिग्नलचा परतीचा रस्ताही तेच शील्ड असतं. म्हणून हा करंट थेट गाण्यात मिसळतो. अँटेनाची वायर इमारतीच्या बाहेर किंवा गच्चीवर कुठेतरी अर्थ झालेली असते, त्यामुळे तिचा फरक सहसा सर्वांत मोठा.

तपासणी: लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला, तर चार्जर हेच कारण.

## टप्पा ६: एकाच बाजूला हमिंग असेल तर

ग्राउंड लूपचं हमिंग बहुधा दोन्ही स्पीकरमध्ये असतं. फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या बाजूला असेल, तर तुटलेलं शील्ड किंवा सैल सॉकेट शोधा. त्यासाठी अदलाबदलीची चाचणी आहे.

समजा, हमिंग डावीकडे आहे. ॲम्प्लिफायरच्या टोकाला डावा आणि उजवा प्लग अदलाबदल करा. हमिंग डावीकडेच राहिलं, तर ॲम्प्लिफायर किंवा त्याचं सॉकेट. उजवीकडे गेलं, तर वायर किंवा स्रोत. आता ॲम्प्लिफायरचं टोक पूर्ववत करा आणि स्रोताच्या टोकाला अदलाबदल करा. हमिंग डावीकडेच राहिलं तर वायर खराब, उजवीकडे गेलं तर स्रोत.

पूर्ववत करायचं विसरून दुसरी अदलाबदल केली, तर निकाल नेमका उलटा दिसतो. वहीत लिहीत चला.

मल्टिमीटर असेल तर वायर दोन्हीकडून काढून बाहेरच्या कडीपासून कडीपर्यंत रेझिस्टन्स मोजा. एक ओहमच्या आत यायला हवा. मोजताना प्लगजवळची वायर वाकवा. आकडा उड्या मारत असेल, तर शील्ड तिथेच तुटतंय.

## टप्पा ७: टर्नटेबल

टर्नटेबलची गोष्ट वेगळी, कारण तिथे सिग्नल फारच नाजूक असतो. कार्ट्रिज म्हणजे सुई असलेला भाग, त्याच्या दोन जाती. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा सिग्नल साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, मूव्हिंग कॉइलचा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्ट देतो. मूव्हिंग मॅग्नेटची फोनो स्टेज १ किलोहर्ट्झला साधारण ४० डेसिबल, म्हणजे १०० पट वाढवते. शिवाय रेकॉर्डच्या इक्वलायझेशनमुळे (रेकॉर्डवर दाबलेले खालचे स्वर परत वर आणण्यामुळे) ५० हर्ट्झला आणखी सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट. हमिंगची जागा आहे, नेमकी तिथेच वाढ जवळपास सर्वांत जास्त.

आधी अर्थची बारीक वायर बघा. टर्नटेबलच्या मागून ऑडिओच्या वायरींबरोबर निघते, टोकाला पत्र्याची दोन पायांची चिमटी असते, आणि ती फोनो स्टेजच्या स्क्रूखाली घट्ट बसलेली हवी. नुसती अडकवलेली चालत नाही. स्क्रू सोडवून चिमटी पुसा, परत आवळा. काही टर्नटेबलांत ही जोडणी आतूनच असते आणि वेगळी वायर नसते. अशा वेळी उत्पादकाची पुस्तिका प्रमाण माना.

मग मोटर बंद ठेवून टोनआर्म (सुईचा दांडा) हातात उचलून धरा आणि रेकॉर्डच्या वरून हळूहळू फिरवा. जागेनुसार हमिंग कमी-जास्त होत असेल, तर कार्ट्रिज शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतंय. टर्नटेबल ॲम्प्लिफायरवर ठेवलेला असेल तर तो हलवा, शेजारी असेल तर दुसऱ्या बाजूला न्या. यावर वायर बदलून काही होत नाही, अंतर हाच इलाज.

एकाच बाजूला हमिंग असेल, तर कार्ट्रिजच्या मागच्या चार क्लिप बघा: पांढरी डाव्या बाजूचा सिग्नल, निळी डाव्याचा ग्राउंड, लाल उजव्याचा सिग्नल, हिरवी उजव्याचा ग्राउंड. सैल वाटली तर चिमट्यानं अलगद बसवा. ओढाल तर केसाएवढी वायर तुटेल.

नेहमीची चूक: टर्नटेबलमध्येच फोनो स्टेज असते आणि तरीही तो ॲम्प्लिफायरच्या फोनो इनपुटला लावला जातो. सिग्नल दोनदा वाढतो. हमिंग येतं आणि गाणंही फाटतं. मागचं बटण लाइनवर असेल तर साध्या इनपुटला लावा.

## टप्पा ८: कारण सापडल्यावरचा इलाज

ग्राउंड लूप. सर्वांत आधी, एकमेकांना जोडलेली सगळी यंत्रं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर आणा. अर्थिंगमधला फरक कमी होतो आणि बऱ्याच घरांत तेवढ्यावर भागतं. एकूण भार बोर्डाच्या क्षमतेत बसतो का ते बघा आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड लावू नका. डावी-उजवी आरसीए वायर एकमेकींना चिकटून न्या, त्यांच्यामधली मोकळी जागाही लूपच असते.

भागलं नाही तर ज्या वायरीनं हमिंग आलं ती वीजदृष्ट्या तोडा. टीव्ही किंवा कॉम्प्युटरचा आवाज ऑप्टिकल वायरीनं न्या. काचेतून किंवा प्लास्टिकमधून करंट वाहत नाही, लूप तिथेच संपतो. अँटेनासाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो, पण विजेची जोडणी तोडतो) मिळतो, पण डिशच्या वायरीवर तो चालत नाही, कारण छतावरच्या एलएनबीला (डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला) लागणारी वीज त्याच वायरीतून वर जाते. अँटेनाच्या वायरीचं वीज पडण्यापासून बचावाचं अर्थिंग काढू नका, आयसोलेटर त्याच्या नंतर लावा. यूएसबीचा आयसोलेटर घेताना त्याचा वेग तुमच्या डॅकला (डिजिटल सिग्नलचा ऑडिओ करणाऱ्या यंत्राला) पुरतो का ते आधी बघा. बरेच आयसोलेटर सेकंदाला १२ मेगाबिटच्या पुढे जात नाहीत.

आरसीएमध्ये लावायचे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर शेवटचा उपाय म्हणून ठेवा. चालतात, पण हलके असतील तर खालचे स्वर खातात. घेतलात तर ॲम्प्लिफायरच्या बाजूला, छोट्या वायरीनं लावा. फोनोच्या वायरीत लावू नका.

अडॅप्टरचा करंट. दुसऱ्या जातीचा अडॅप्टर लावून बघा, किंवा ते यंत्र ऑप्टिकलनं जोडा.

वायरींची दाटी. विजेच्या आणि ऑडिओच्या वायरी वेगळ्या करा. ओलांडणं भाग असेल तिथे काटकोनात ओलांडा. उरलेल्या वायरीचं भेंडोळं ॲम्प्लिफायरच्या मागे कोंबू नका.

सावधान: अर्थिंगची पिन कापणं, तिच्यावर टेप लावणं, किंवा तीन पिनांचं यंत्र दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालवणं हा इलाज नाही. आत फेज पत्र्याला टेकला, तर करंट जमिनीत नेणारा तो एकच रस्ता असतो. तो तोडलात, तर पत्र्याला हात लावणारा माणूस रस्ता होतो. आधी कुणी असं करून ठेवलं असेल, तर या शोधाच्या सुरुवातीलाच ते पूर्ववत करा, मग हमिंग वाढलं तरी चालेल.

## इलेक्ट्रिशियनला कधी बोलवायचं

धातूच्या पेटीवरून बोट फिरवताना झिणझिण्या येत असतील, किंवा पेटीला हात लावला की हमिंग बदलत असेल, तर शोध थांबवा. तीन पिनांच्या यंत्राला घरात अर्थिंगच मिळत नसेल, तर त्याच्या आतल्या फिल्टरमुळे पेटीवर व्होल्टेज चढतो. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे मागे वायर आहे असं नाही. अर्थिंग आहे का, फेज आणि न्यूट्रल योग्य जागी आहेत का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. ते दुरुस्त झालं, की टप्पा ३ पासून पुन्हा सुरुवात करा. कित्येकदा हमिंग तेव्हाच गेलेलं असतं.

## शेवटची तपासणी

सगळं नकाशाप्रमाणे जोडून झालं, की व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवून प्रत्येक इनपुट निवडा आणि बसायच्या जागेवरून ऐका. मग टीव्ही, दिवे, चार्जर चालू करून पुन्हा ऐका. स्पीकरला कान लावल्यावर पुसटसा आवाज येत असेल आणि बसल्या जागी येत नसेल, तर तो सोडून द्या. नवा नकाशा आणि कारण वहीत लिहून ती वही ॲम्प्लिफायरजवळ ठेवा. पुढच्या वेळी नवं यंत्र येईल, ते याच तीन पायऱ्यांनी जोडा.